वडिलांच्या नाकाशेजारच्या काळ्या डागाचा रिपोर्ट 'बेसल सेल कार्सिनोमा', म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, असा आलाय. कापण्याऐवजी लेझरने जाळून घेतलं तर चालेल का? कापलंच तर टाके किती पडतील?

जाळू नका. धुराची स्लाइड बनत नाही.

सर्जनने कापलेला तुकडा ज्यांच्या टेबलावर येतो त्यांतली मी, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. 'जाळून घेतलं तर' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. कारण जांघेतली एक गाठ. सुपारीहून मोठी, कापली तर आत काजळासारखी काळी. सोबतच्या अर्जावर फक्त वय आणि 'डाव्या जांघेत गाठ'. फोनाफोनी केल्यावर कळलं की त्या बाईंच्या डाव्या टाचेवरचा काळा डाग आदल्या वर्षी भोवरी समजून दोनदा कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने, जाळला होता. तुकडा कुठेही पाठवला नव्हता.

तो मेलानोमा होता, कातडीतल्या रंगपेशींचा कॅन्सर. मेलानोमात सगळा हिशेब जाडीवर चालतो. जाडी १ मिमीपर्यंत असेल तर भोवतालची १ सेंमी कातडी काढायची, २ मिमीच्या वर असेल तर २ सेंमी, मधल्यांना १ ते २. साधारण ०.८ मिमीच्या पुढे सेंटिनेल नोडचा, म्हणजे त्या बाजूची पहिली लसिकाग्रंथी काढून तपासण्याचा विचार करायचा. इथे मोजायला काही उरलंच नव्हतं. टाचेवर होता तो नुसता व्रण, आणि गाठ तर जांघेत पोचलेली. मेलानोमा आपल्याकडे बहुतेकदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, म्हणजे जिथे कोणी बघतच नाही तिथे.

सर्जन मंडळींशी माझा जुना वाद आहे तो हाच. 'साधा मस दिसतोय, पेशंटला लॅबचा भुर्दंड कशाला?' अहो, 'दिसतोय' हे निदान नव्हे. वर्षानुवर्षं न भरणारी भाजल्याची जखमही साधीच दिसते, पण तिच्यातही कॅन्सर होऊ शकतो. परकराच्या घट्ट नाडीच्या वळावर झालेल्या कॅन्सरच्या केसेस वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये छापल्या, तेही आधी साधे व्रणच होते.

आता तुमचे वडील. बेसल सेल अंगात इतरत्र सहसा पसरत नाही, पण जागेवरच पोखरत जातो, आणि नाक ही त्याची खोडसाळ जागा. आपल्या कातडीवर तो बरेचदा काळा असतो, म्हणून लोक मस समजून बसतात. लहान, कमी धोक्याच्या बेसल सेलभोवती ४ मिमी चांगली कातडी काढतात. नाकावर तेवढ्यावर विसंबू नये. कडा तपासून घ्याव्यात.

टाक्यांचं गणित असं: डाग ८ मिमीचा, दोन्ही बाजूंना ४-४, म्हणजे १६ मिमी रुंदी. सरळ रेषेत शिवायचं तर लांबी रुंदीच्या तिप्पट लागते, नाहीतर टोकांना कातडीचे फुगवटे येतात. म्हणजे जवळजवळ ५ सेंमी. नाकावर एवढी सैल कातडी असते कुठे? मग गालाची कातडी वळवून आणतात, फ्लॅप, किंवा कानामागची आणून लावतात, ग्राफ्ट. तेव्हा 'टाके किती' हे विचारू नका. 'खड्डा कशाने बुजवणार, आणि कडांचा रिपोर्ट यायच्या आधी की नंतर?' हे विचारा. फ्लॅप फिरवल्यावर कळलं की एका कडेला पेशी उरल्यात, तर ती कड आता कुठे गेली हे शोधताना सर्जनलाही घाम फुटतो.

कड कोणती हे मला कळतं एका दोऱ्याने. तुकड्याच्या वरच्या टोकाला, घड्याळाच्या १२ वर, सर्जनने टाका घालायचा. मी कडांना शाई लावते आणि अळूवडीच्या उंड्यासारखे २-३ मिमीचे काप करते. दोरा नसेल तर 'कड बाधित' एवढं सांगू शकते, वरची की खालची ते नाही. आणि खरं सांगायचं तर या कापांच्या पद्धतीत कडेचा १ टक्काही भाग प्रत्यक्ष डोळ्याखाली येत नाही. फ्रेडरिक मोह्स या अमेरिकन सर्जनने १९३०च्या दशकात काढलेल्या पद्धतीत पूर्ण कड आणि तळ पाहतात, पण आपल्याकडे ती थोड्याच ठिकाणी होते. निदान ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शनची, म्हणजे तुकडा गोठवून लगेच तपासण्याची, सोय आहे का, विचारा. फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रावणात, तो आक्रसतो, त्यामुळे सर्जनचे ४ मिमी रिपोर्टात ३ दिसले तर भांडायला जाऊ नका.

रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका, ज्याने दिल्या त्याला विचारा. पेसमेकर असेल तर आधी सांगा, कॉटरीमुळे फरक पडतो. जागा बधिर करूनच हे बहुधा होतं. ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही, दुखलं तर बोलायचं. घरी रक्त आलं तर स्वच्छ कापडाने सलग २० मिनिटं दाबा, दर मिनिटाला उचलून बघू नका. हळद लावू नका. चेहऱ्याचे टाके ५ ते ७ दिवसांत निघतात, पण तेव्हा जखमेत ताकद जेमतेम असते, म्हणून दोन-तीन आठवडे ओझी उचलणं बंद.

हो, एक राहिलं. पाठीवरचा अगदी वरवरचा बेसल सेल बायोप्सीनंतर खरवडून जाळतात, आणि ऑपरेशन झेपणारच नसेल तर रेडिएशन असतं. नाकाला पहिलं लागू नाही, दुसरं डॉक्टर ठरवतील.

बरणी लॅबला न्यायला तुमच्याच हातात दिली तर रुंद तोंडाची आहे ना, आणि आत सलाईन नव्हे, तुकड्याच्या दहापट फॉर्मेलिन आहे ना, हे विचारून घ्या. सलाईनमध्ये तुकडा सडतो. वडिलांचं नाव बरणीवर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलतात.