इलेक्ट्रिक गिटारला लाकूडच हवे का?

प्रश्न : मला स्वतः इलेक्ट्रिक गिटार तयार करायची आहे. बॉडी पारदर्शक ॲक्रिलिकची आणि नेक (ज्यावर बोटे फिरतात तो लांब दांडा) ॲल्युमिनियमचा करावा, असा विचार आहे. परंतु लाकडाशिवाय गिटारला खरा आवाज येत नाही, असे काही वादक सांगतात. त्यात तथ्य किती?

उत्तर : अकूस्टिक गिटारच्या बाबतीत लाकडाचा आग्रह रास्त आहे, कारण तारेचे कंपन हवेत पोहोचवण्याचे मुख्य काम तिथे वरची पातळ लाकडी फळी करते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये मात्र पिकअपमधील (तारांखाली बसवलेल्या, त्यांच्या कंपनाचे विद्युत संकेत करणाऱ्या भागातील) लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी पोलादी तारेची हालचाल थेट टिपतात; बॉडी आणि नेक तारेची ऊर्जा कोणत्या स्वराला किती शोषून घेतात, एवढाच त्यांचा आवाजातील वाटा. तो खरा असला, तरी पिकअपची जात, त्याची जागा आणि ॲम्प्लिफायर यांच्यापुढे मला तो लहान वाटतो.

शिवाय या वाद्याची सुरुवातच धातूने झाली आहे. रिकनबॅकर कंपनीची १९३० च्या दशकाच्या आरंभीची, ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखली जाणारी, मांडीवर ठेवून वाजवायची गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. पुढे डॅनिलेक्ट्रो कंपनीने दाबीव हार्डबोर्डच्या स्वस्त गिटारी काढल्या, आणि त्यांच्या आवाजाचे चाहते आजही आहेत.

तुमच्या योजनेत आवाजापेक्षा वजनाची चिंता अधिक करावी. ॲक्रिलिकच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे १.२ ग्रॅम भरते; बॉडीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ऑल्डर लाकडाचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. अँपेग कंपनीने १९६९ मध्ये आणलेली, डॅन आर्मस्ट्राँग यांनी रचलेली पारदर्शक ॲक्रिलिकची गिटार देखणी होती, पण खांद्यावर जड. म्हणून बॉडी आकाराने लहान ठेवा. ॲक्रिलिकमध्ये लाकडी स्क्रू थेट पिळल्यास भोकाभोवती तडे जातात. त्याऐवजी भोकात आटे पाडावेत किंवा पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेल्या नळ्या) बसवावेत.

नेकची निवड मला अधिक मोलाची वाटते. नेक लांब आणि सडपातळ असल्याने तारेसोबत तोही थरथरतो, आणि काही फ्रेटवरचे (नेकवरील आडव्या धातूच्या पट्ट्यांवरचे) स्वर लवकर विरतात. ताठ नेक हा दोष कमी करू शकतो. गिटार बनवणारे ट्रॅव्हिस बीन यांच्या १९७० च्या दशकातील गिटारींत ॲल्युमिनियमचा नेक थेट ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात त्या भागापर्यंत) जात असे आणि पिकअपही त्यावरच बसवलेले असत. ही रचना अभ्यासण्याजोगी आहे. अडचण तापमानाची आहे : ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे हाताच्या उबेने नेक तापला की स्वर सरकतात. काही मिनिटे वाजवून झाल्यावरच ट्यूनिंग करावे. क्रेमर कंपनीने अशा नेकच्या मागच्या बाजूस लाकडी पट्ट्या बसवल्या होत्या; त्यामुळे वजनही घटते आणि हाताला धातूचा गारवाही कमी जाणवतो. तुम्हीही तसेच करावे, असे सुचवतो.

प्रश्न : हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा, खुंट्या असलेला भाग) नसलेल्या गिटारचा लाभ केवळ दिसण्यापुरता असतो का?

उत्तर : नाही. खुंट्या ब्रिजकडे नेल्याने नेकच्या टोकावरील भार जातो आणि गिटार त्या बाजूला कलत नाही. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास ही रचना कार्बन तंतू आणि इपॉक्सीच्या बास गिटारमध्ये रूढ केली. मात्र त्यांच्या मूळ रचनेला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागतात. टोकाला तार पकडणारा चिमटा असलेली गिटार घेतल्यास नेहमीच्या तारा चालतात.