झेरॉक्स वर्गापुरती, पीडीएफ तालुकाभर

नमस्कार मॅडम,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या जिल्हा परिषद शाळेतून शिष्यवृत्ती परीक्षेला १९ मुलं बसणार. सरावाचं पुस्तक घेतलं फक्त चौघांनी. कापूस वेचणी सुरू झाली की पोरं आईबापांबरोबर वावरात जातात आणि वर्ग अर्धा रिकामा होतो. म्हणून तुम्ही गणिताच्या काही पानांच्या झेरॉक्स वाटल्या, त्याच पुस्तकातले सहा प्रश्न चाचणीत घेतले, आणि शेवटी अख्खं पुस्तक मोबाइलवर स्कॅन करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. ती पीडीएफ फिरत फिरत दुसऱ्या तालुक्यांत गेली. आता प्रकाशकाच्या वकिलाची नोटीस आली आहे: १५ दिवसांत दोन लाख भरा, नाहीतर फौजदारी करू. तुम्ही विचारता, ‘शिकवण्यासाठीच केलं, मग मी चोर कशी?’

चोर तुम्ही नाहीच. पण तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी केल्या आहेत आणि नोटिशीने त्यांची एकच मोट बांधली आहे. ती आधी सोडवू.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कोणत्या वापराला उल्लंघन म्हणायचं नाही, हे त्याच्या कलम ५२ मध्ये दिलं आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल त्यात येते. परीक्षेच्या प्रश्नांत घेतलेला मजकूरही येतो. म्हणजे चाचणीतल्या सहा प्रश्नांची काळजी आजच सोडा. झेरॉक्सचीही सोडा. ‘दहा टक्के पानं चालतात’ असं तुम्हाला कुणी सांगितलं, पण शिक्षकासाठी असा आकडा या कायद्यात कुठेही नाही.

याच मुद्द्यावर दिल्लीत मोठा खटला झाला. विद्यापीठाच्या आवारातला एक झेरॉक्सवाला नेमलेल्या वाचनाचे उतारे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देत असे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये त्याच्यावर आणि विद्यापीठावर दावा लावला. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं की पानं किती हा प्रश्न नाही, शिकवण्यासाठी ती लागत होती का, हे बघायचं. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हा निकाल आपल्या नागपूर खंडपीठावर बंधनकारक नाही, पण त्याचं वजन मोठं आहे. तुमच्या उत्तरात त्याचा उल्लेख करायचाच.

आता पीडीएफ. इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. गैरहजर मुलांसाठी धड्यापुरती चार पानं ग्रुपवर टाकली असती, तर तेही शिकवण्याच्या ओघातच आहे, असं मी कोर्टात ठामपणे मांडलं असतं. पण सरावाचं पुस्तक त्या एका परीक्षेच्या मुलांसाठीच छापलेलं असतं. त्याची अख्खी प्रत फुकट फिरली की प्रकाशकाचं गिऱ्हाईकच जातं. शिवाय ती तुमच्या वर्गाबाहेरच्या लोकांच्या हाती गेली. पुढे कुणी पाठवली हे तुम्हाला माहीत नसलं तरी पहिली प्रत तुमच्याच फोनवरून निघाली. ‘फक्त शैक्षणिक उपयोगासाठी’ ही खाली लिहिलेली ओळ इथे ढाल होत नाही.

फौजदारीची भीती मात्र प्रमाणात ठेवा. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, हे खरं. पण त्यासाठी उल्लंघन जाणूनबुजून केलेलं असावं लागतं, आणि ते धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल तर कारणं नोंदवून शिक्षा कमी करण्याची मुभा कोर्टाला त्याच कलमात आहे. तुम्ही एक रुपयाही घेतलेला नाही. नोटिशीतले दोन लाख हा वकिलाने लिहिलेला आकडा आहे, कोर्टाने ठरवलेला नाही. घाबरून तो भरू नका आणि त्यांनी पाठवलेल्या माफीनाम्यावर सहीही करू नका.

आज एवढं करा. ग्रुपवरच्या पीडीएफचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग ती सर्वांसाठी डिलीट करा आणि पुढे न पाठवण्याची विनंती पालकांना त्याच ग्रुपवर लिहा. मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. नोटीस लपवलीत तर उद्या खात्यात तुमचीच अडचण होईल. चौघांपैकी कुणाचं तरी मूळ पुस्तक, हजेरीपट आणि चाचणीची प्रश्नपत्रिका जपून ठेवा.

तुमचा दुसरा प्रश्न स्नेहसंमेलनाचा. शिक्षक-विद्यार्थ्यांनी शाळेत नाटक बसवलं तर कलम ५२ सांभाळून घेतं. चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचं असेल तर जुनी संहिता घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. सावनेरला १९१९ साली गेलेल्या राम गणेश गडकऱ्यांची नाटकं केव्हाच मोकळी झाली आहेत.

नोटिशीचं पाकीट फेकू नका, त्यावरची पोस्टाची तारीख मला लागेल. नोटीस आणि ते पाकीट, दोन्हींचे फोटो पाठवा, उत्तराचा मसुदा मी करून देतो.