सोनं घ्यावं की सोन्याचा वायदा?

प्रश्न : मुलीचं लग्न दोन वर्षांवर आलंय. सराफ बाजारात घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी जातो. मुलगा म्हणतो, तेवढ्याच पैशांत वायद्यात दसपट सोनं येतं. खरं का? (पंचवटी)

वायदा म्हणजे पुढच्या ठरावीक तारखेला, आज ठरलेल्या भावाने खरेदी-विक्री करायचा करार. त्यात सोनं येत नाही, दसपट सोन्याच्या भावाची जोखीम अंगावर येते. समजा, 10 ग्रॅमचा भाव 1 लाख आहे. एमसीएक्स या वायदे बाजारातला ‘गोल्ड मिनी’ हा वायदा 100 ग्रॅमचा, म्हणजे सौदा 10 लाखांचा. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, 10 टक्के धरलं तर तुम्ही भरता 1 लाख. भाव 3 हजारांनी उतरला की त्याच दिवशीच्या हिशेबात तुमच्या खात्यातून 30 हजार वजा. मार्जिन कमी पडलं आणि तुम्ही भरलं नाही, तर ब्रोकर सौदा बंद करून टाकतो. पुढच्या आठवड्यात भाव सावरला तरी तुम्ही बाहेरच. 1 लाखाचं सोनं कपाटात असतं तर घट 3 हजारांची, तीही विकलं तरच. वाट बघायची ही मुभा वायद्यात नाही. शिवाय मुदत संपत आली की सौदा पुढच्या महिन्यात न्यायचा आणि दर वेळी खर्च सोसायचा.

शेअर बाजारातल्या वायदे-ऑप्शनबद्दल बाजार नियामक सेबीचा 2024चा अभ्यास सांगतो की, तीन आर्थिक वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. लग्नाचा पैसा तिथे मुळीच नेऊ नका. घडणावळ टाळायची तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा घेता येणारा सोन्याचा फंड, आहे.

प्रश्न : कांदा चाळीत आहे. भाव पडायच्या आत वायद्यात विकता येईल का? (निफाड)

ज्याच्याकडे माल आहे त्याने आधीच भाव बांधून घ्यावा, वायद्याचा खरा उपयोग हाच. पण आपल्या एक्स्चेंजवर कांद्याचा वायदाच नाही. अमेरिकेत होता. 1955 मध्ये शिकागोत दोघा व्यापाऱ्यांनी कांद्याचा साठा मुठीत घेतला, वायदे विकले आणि मग माल ओतून भाव मातीमोल केला. त्यात शेतकरी बुडाले आणि 1958 मध्ये तिथे कायद्यानेच बंदी आली. आपल्याकडेही सेबीने डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले. चाळीत कांद्याचं वजन घटतं, मोड येतात. सगळा माल एकाच भावावर अडवून ठेवू नका, टप्प्याटप्प्याने लासलगाव, पिंपळगावला काढा.

प्रश्न : एका परदेशी अ‍ॅपवर तेल-सोनं न घेता नुसत्या भावातल्या फरकावर कमावता येतं म्हणे. (सिडको)

हे सीएफडी, म्हणजे भावातल्या फरकाचे करार. आपल्या कोणत्याही मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर ते चालत नाहीत. समोर सौद्याची हमी घेणारं कुणी नसतं, आणि त्यासाठी बाहेर पैसे पाठवणं फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, अडकू शकतं. अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. पण त्यात नाव नसलं म्हणजे अ‍ॅप अधिकृत, असं नव्हे. पैसे भरले असतील आणि परत मिळत नसतील तर आजच 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.