आगाऊ रक्कम किती द्यावी?

प्रश्न : पुण्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतोय. 950 चौरस फूट 'सेलेबल' (जिना, लॉबी अशा सामायिक जागेचा वाटा धरून सांगितलेलं क्षेत्रफळ), दर 8,000 रुपये. करारनाम्याआधीच बिल्डर 20 टक्के मागतो. द्यावेत का? – एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात नाही. रेरा कायद्याच्या (स्थावर संपदा नियमन कायद्याच्या) कलम 13 नुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. 'अलॉटमेंट लेटर' म्हणजे करारनामा नव्हे. महाराष्ट्राच्या नमुना करारानुसार करारनाम्यानंतर एकूण 30, जोत्यापर्यंत 45 आणि सगळे स्लॅब पडेपर्यंत 70 टक्के, ही कमाल मर्यादा.

'सेलेबल' सोडा, कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) विचारा. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची नाही. समजा कार्पेट 640 निघाला, तर 76 लाखांना खरा दर 11,875 पडतो! शेजारच्या प्रकल्पाशी तुलना याच आकड्याने करा.

महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख आणि जमिनीवरचा बोजा (तारण ठेवून घेतलेलं कर्ज) बघा. सेल्समन तोंडी सांगतो ती तारीख बहुधा करारातल्या तारखेच्या आधीची असते; उशिराचं व्याज मात्र करारातल्या तारखेपासूनच मोजतात. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचं ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय सही करू नका.