साइड-बाय-साइड फ्रिज: एक बाजू थंड, दुसरी कोमट

फ्रीजरमध्ये बर्फ धरतो आहे, पण शेजारचा कप्पा कोमट आहे, एवढ्यावरून गॅस संपला असे समजू नका; नवखे लोक ही चूक करतात. या रचनेत बहुधा फ्रीजरच्या बाजूलाच थंडावा तयार होतो आणि पंखा तो झडपेवाटे पलीकडे ढकलतो, त्यामुळे कुंद्याचा (खव्याच्या मिठाईचा) डबा किंवा दुधाचे पातेले हवेच्या जाळीला टेकले तरी थंडावा अडतो.

जाळी मोकळी असल्यास पुढील क्रमाने पाहावे:

१. फ्रीजरचे दार उघडून दाराची कळ दाबून धरा आणि पंख्याचा आवाज येतो का ते ऐका; येत नसेल, तर थंडावा पलीकडे ढकलला जात नसावा.

२. फ्रीजरच्या आतील मागच्या पत्र्यावर जाड बर्फ असेल, तर प्लग काढून, दारे उघडी ठेवून तो पूर्ण वितळू द्या. सुरीने खरवडू नका. गॅसची नळी फुटली, तर मात्र गॅस खरोखरच जाईल.

३. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या दमट पावसाळ्यात दाराचे सैल रबर बर्फ वाढवते. दारात कागद धरून ओढा. तो सहज सुटला, तर रबर तपासावे.

तापमान फ्रीजरला उणे १८, फ्रिजला ३ ते ४ अंश ठेवून २४ तास थांबा. बर्फ पुन्हा साचल्यास डीफ्रॉस्टचा (बर्फ आपोआप वितळवणारा) हीटर किंवा सेन्सर तंत्रज्ञालाच दाखवावा.