कोल्हापुरातल्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानाला वेबसाइट लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकट्या भावाचं राजारामपुरीत शोभेच्या माशांचं दुकान आहे, एक जण ऑनलाइन ऑर्डर आणि पेमेंटसकट वेबसाइट करून द्यायचे तीस हजार मागतोय, तर करावी की नको?

ऑनलाइन विक्रीची वेबसाइट करू नका. माहितीचं एक साधं पान मात्र जरूर करा. आणि ते करताना दुकानात अजून न आलेला माणूस डोळ्यांसमोर धरू नका, काल मासे घेऊन घरी गेलेला माणूस धरा.

मी दुकानदार नाही. घरी बऱ्याच वर्षांपासून टाक्या आहेत, आणि शाहूपुरीत एका मित्राचं असंच दुकान आहे, तिथे संध्याकाळी बसायला असतो. त्यामुळे दुकानात येणारे फोन कानावर पडतात. बहुतेक फोन तीनच प्रकारचे. एक, ‘दुकान चालू आहे काय?’ दुसरा, ‘फायटर आलेत का, एंजल केवढ्याला?’ आणि तिसरा रात्री शटर ओढल्यावर येतो, ‘परवा नेलेले मासे वर येऊन नुसतं तोंड उघडतायत, काय करू?’ या तिन्ही फोनना वेगवेगळी उत्तरं लागतात, आणि तीस हजारांची वेबसाइट त्यातल्या एकालाही नीट पुरत नाही.

पहिल्या फोनसाठी गुगल मॅपवरची दुकानाची नोंद पुरते. ती फुकट आहे. प्रकार निवडताना ‘अ‍ॅक्वेरियम शॉप’ निवडा, नाहीतर सुरमई-पापलेटची चौकशी करणारे फोन येत राहतील. उघडायची-बंद करायची वेळ, दुपारची सुट्टी आणि आठवड्याची सुट्टी अचूक भरा, सणाला दुकान बंद असेल तर तेही आदल्या दिवशी टाका. इचलकरंजी, गडहिंग्लज, निपाणीकडून माणूस मुद्दाम येतो. त्याला बंद शटर दिसलं की तो पुन्हा येत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पूर्वी या नोंदीबरोबर गुगल एक छोटी वेबसाइटही फुकट देत असे, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ‘गुगलच देतं की फुकट’ असं कोणी सांगितलं, तर ती माहिती जुनी आहे.

दुसऱ्या फोनसाठी व्हॉट्सअ‍ॅप. दुकानातला जिवंत माल रोज बदलतो. मुंबईच्या कुर्ल्याहून, चेन्नईच्या कोळत्तूरहून, कोलकात्याहून पेट्या येतात. थर्माकोलच्या पेटीत ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, पिशवीत दाटीवाटीनं मासे. प्रवासानं थकलेला हा माल चांगला दुकानदार लगेच विकत नाही. काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवतो, खातोय का बघतो, अंगावर पांढरे ठिपके दिसतात का बघतो. म्हणजे सकाळी आहे ते संध्याकाळी नाही, आणि आलं आहे ते अजून विकायचं नाही. हे सगळं वेबसाइटच्या स्टॉकमध्ये कोण भरत बसणार? दोन आठवड्यांत ती यादी खोटी पडते, आणि खोटी यादी असण्यापेक्षा यादी नसलेली बरी. त्यापेक्षा नवा माल विक्रीला काढला की टाकीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ स्टेटसला टाकायचा. नियमित गिऱ्हाइकाला तेवढंच हवं असतं.

इथे एक गोष्ट भावाला आवर्जून सांगा. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप यांच्या खरेदी-विक्रीच्या नियमांत जिवंत प्राण्यांच्या विक्रीला मनाई आहे, आणि मासेही त्यात येतात. कॅटलॉगमध्ये किमतीसह मासे टाकले तर ते काढून टाकले जाऊ शकतात, खात्यावरही बंधनं येऊ शकतात. कॅटलॉग ठेवायचाच तर टाक्या, फिल्टर, खाद्य, दिवे एवढ्याचाच ठेवा. दुकानाची सगळी ओळख दुसऱ्याच्या जागेवर उभी असू नये असं मी म्हणतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

मासे घरपोच पाठवण्याचा विचार तर सोडाच. गप्पीची जोडी काही दहा-वीस रुपयांची, आणि पाठवणीचा खर्च त्याच्या कितीतरी पट. बहुतेक कुरिअरवाले जिवंत माल घेत नाहीत. हौशी लोक ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पेटी पाठवतात, ती सकाळी उतरून घ्यायला माणूस वेळेवर पोचला तर ठीक. शिवाय मासा बघूनच घ्यावा. पर उघडे आहेत का, पोहताना कलतोय का, समोर दाणे टाकल्यावर झेपावतो का, हे फोटोत कळत नाही. फिल्टर-हीटरच्या बाबतीत अ‍ॅमेझॉनशी भावात बरोबरी होणार नाही, पण मोटर बंद पडली तर त्याच संध्याकाळी बदलून मिळणं ही दुकानाची ताकद आहे, आणि तिला वेबसाइट लागत नाही.

आता तिसरा फोन. मला खरं बोलायचंय ते याविषयी.

नवा माणूस हौसेनं दोन फुटी टाकी नेतो, त्याच दिवशी पाणी भरतो, त्याच दिवशी आठ-दहा मासे सोडतो. पोरं दिवसातून पाच वेळा दाणे टाकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं. घरचे म्हणतात पाणी घाण झालं, मग सगळं पाणी उपसून टाकी, खडी, फिल्टरचा स्पंज साबणानं घासून काढतात, नळाचं ताजं पाणी भरतात, मासे परत सोडतात. दुसऱ्या दिवशी निम्मे मासे तळाला. मग माणूस दुकानात येऊन भांडतो, किंवा न भांडता टाकी माळ्यावर टाकतो. दुकानदाराचं नुकसान या दुसऱ्या माणसामुळे जास्त होतं, कारण तो परत कधीच दिसत नाही.

आत काय घडतं ते समजून सांगितलं तर बहुतेक मासे वाचतात. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो, तो माशांना विष आहे. फिल्टरमध्ये आणि खडीत हळूहळू जे जिवाणू वाढतात, ते या अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानानं बरंच निरुपद्रवी. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. साबणानं घासलं की वाढलेले तेवढे मेले, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पाणी दुधाळ झालं तर खाणं कमी करायचं, पाव पाणी बदलायचं, फिल्टर चालू ठेवायचा आणि धीर धरायचा. सुरुवातीला दोन-तीनच काटक मासे सोडायचे. पिशवी आणली की पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यायची, थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घालायचं, आणि मासा जाळीनं उचलून सोडायचा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी दुकानात गर्दी असताना हे सगळं प्रत्येकाला सांगणं शक्य नसतं. सांगितलं तरी पोरगं हातात पिशवी धरून उड्या मारत असताना बापाच्या लक्षात काय राहणार? म्हणून हे लिहून ठेवायचं, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात, मोबाइलवर चटकन उघडेल असं. आणि पिशवीवर क्यूआर कोडचा स्टिकर. मित्राच्या दुकानात हे सुरू झाल्यावर रात्रीचे फोन थांबले नाहीत, पण बदलले. आता ‘मासे का मेले’ऐवजी ‘पाणी दुधाळ झालंय, पाव बदललं, आता किती दिवस थांबू’ असं विचारतात. तो माणूस पुढच्या महिन्यात झाडं आणि हीटर घ्यायला येतो.

यूट्यूबवर हे सगळं आहे, मग वेगळं पान कशाला, असं तुम्ही म्हणाल. तिथे आपल्या गावचं पाणी नाही. कोल्हापुरात कोणाकडे नदीचं पाणी, कोणाकडे काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं येणारं, कोणाकडे बोअरचं. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं असतं. त्यात गप्पी, मोली, प्लॅटी मजेत राहतात, पण निऑन टेट्रा किंवा डिस्कस टिकवणं अवघड. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की शुद्धीकरणाला तुरटी आणि क्लोरीन जास्त लागतं, तेव्हा नळाचं पाणी थेट टाकीत घालणं म्हणजे माशांच्या कल्ल्यांवर घाव. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा, नाहीतर अँटीक्लोरचे थेंब टाका. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री चांगल्याच गार होतात आणि उष्ण प्रदेशातल्या माशांना २४ ते २८ अंश लागतं, तेव्हा हीटर नसेल तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ठरलेला.

दुकानदाराला त्या त्या भागातलं पाणी माहीत असतं. कसबा बावड्यातून आलेल्याला तो वेगळं सांगतो, कळंब्याकडच्या माणसाला वेगळं. हे ज्ञान आजवर त्याच्या तोंडातच राहिलंय. ते पानावर उतरलं तर त्याची बरोबरी परगावचं कोणतंच संकेतस्थळ करू शकणार नाही.

महापुराचंच बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा शहरात शिरली, उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि लोकांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. अशा वेळी टाकीचं पाणी बदलायचं कशानं? उत्तर असं की बदलायचंच नाही: खाणं बंद करा, धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो, वीज गेली तर चार्जिंगचा एअर पंप लावा. या चार ओळी जून महिन्यातच पानावर सगळ्यात वर असायला हव्यात.

पानावर आणखी काय असावं? काचेच्या टाक्यांचा तक्ता. टाकी मापानं बनवून घेणारं गिऱ्हाईक लांबून येतं आणि त्याला आधी अंदाज हवा असतो. २४ बाय १२ बाय १२ इंचाच्या टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं, तिला ५ मिमी काच चालते, हीटर ५० वॅटचा पुरतो. चार फूट लांब आणि दीड फूट उंच टाकी असेल तर काच ८ ते १० मिमी हवी, आणि खालचा स्टँड भक्कम, कारण पाण्याचंच वजन लिटरला एक किलो. औषधाची मात्रा ठरवायलाही लिटर माहीत लागतात, हा हिशेब लोकांना येत नाही.

आणि एक ओळ ठळक अक्षरात: ‘मोठा झालेला मासा आम्ही परत घेतो.’ बोटाएवढी सकर काच साफ करते म्हणून लोक नेतात, ती फूट-दीड फूट वाढते, मग टाकीत मावत नाही आणि कोणीतरी ती तळ्यात सोडून येतं. उजनी धरणात ही सकर पसरून मच्छीमारांना किती त्रास झाला ते वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. रंकाळ्यात, कळंब्यात ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि ते दुकानदाराच्या हातात बरंचसं आहे.

फोटोंची काळजी घ्या. स्टार कासव विकणं, पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, पानावर फोटोसुद्धा नको. आशियाई अरोवाना हा मासा ‘साइट्स’च्या, म्हणजे धोक्यातल्या जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवांची नोंदणी लागते, कागद नसतील तर तो मासा दुकानातच नको.

खर्चाचं म्हणाल तर डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास, आणि अशी चार-पाच पानं ठेवायला फुकटच्या सोयीही आहेत. कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारा ओळखीचा पोरगा दोन-तीन दिवसांत हे करून देईल, त्याला रीतसर पैसे द्या. डोमेन मात्र भावाच्या नावावर, भावाच्या ई-मेलवर आणि भावाच्या मोबाइल नंबरवरच घ्या. बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं तर उद्या नूतनीकरणासाठी त्याच्या दारात उभं राहावं लागेल.

तीस हजारवाल्याला आत्ता थांबायला सांगा. त्या पैशांतून नवा माल वेगळा ठेवायला दोन टाक्या आणि चांगला स्पंज फिल्टर बसवला तरी दुकानाचं नाव जास्त होईल. भावाला म्हणावं, पंधरा दिवस गल्ल्यावर एक वही ठेव आणि फोनवर लोक जे जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढ. त्या प्रश्नांखाली त्यानं स्वतः उत्तरं लिहिली की पानाचा मजकूर तयार. पाण्याविषयीच्या उत्तरांत काही अडलं तर इथे खाली लिहा, मी बघून देईन.