आजीची पोथी आडवी का?

चि. मीरास अनेक आशीर्वाद,

काल फोनवर तू विचारलंस, "आजीची पोथी छापलेली आहे ना? मग ती शिवलेली का नाही? आणि आडवी का?" प्रश्न इतका चांगला आहे की सविस्तर लिहायला बसले.

आडवेपणा ताडपत्राचा. ताडाचं पान लांबट नि अरुंद, म्हणून ओळी लांबीला धरून लिहीत. पुढे कागद आला, तरी पोथीनं तो आकार सोडला नाही. पाटावर ठेवून वाचायलाही तो सोयीचा: वाचून झालेलं पान उलटून ठेवायचं, शेवटी सगळं रुमालात बांधायचं.

छपाई आली तेव्हा मात्र लोक बिचकले. १८०५ साली बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण छापून निघालं. त्याच वर्षी आपल्या मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून गीता छापली. पण छापाच्या शाईत चरबी असते, असा कागद सोवळ्यात कसा चालेल? मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी मग तुपाची शाई केली. त्यांचा छापखाना सुरुवातीला शिळाछापाचा होता. शिळाछापात लेखनिकानं हातानं लिहिलेलं अक्षर दगडावर उतरवून छापतात, त्यामुळे वळण हस्तलिखिताचंच राहतं. आकार तोच, पानं सुटी, शाई चालणारी! वाचणाऱ्याला अडाणी न म्हणता त्याच्यासाठी शाई बदलणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

पोथ्या तरी घरांत, मठांत बांधलेल्याच असत. १८४८ साली पुण्यात लोकांसाठी ग्रंथालय निघालं, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. लोकहितवादींनी शतपत्रांत त्याबद्दल कळकळीनं लिहिलंय. लक्ष्मी रोडला गेलीस की मामाबरोबर जाऊन ये.

जमलं तर जुनी हस्तलिखितं जपणारी भांडारकर संस्थाही बघ. ती १९१७ ची. तिथल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोनं आपल्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' (जागतिक स्मृती) नोंदवहीत नोंद केली. त्यातलं एक तर भूर्जपत्रावर, म्हणजे झाडाच्या सालीवर लिहिलेलं आहे.

आता एक काम कर. आजीला विचारून, हात धुऊन, पोथीचं पहिलं आणि शेवटचं पान वाच. छापखान्याचं नाव आणि शक बहुतेक तिथंच सापडेल. शकात ७८ मिळवलेस की इसवी सन कळेल. काय निघालं ते मला कळव.

तुझी,
आई